खांब संगमरवरी नाहीत म्हणून बदलायचे का?

ओसरी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचून मत द्या. येत्या २० तारखेला आमची बैठक आहे आणि मला तिथे नीट बोलायचं आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी शंभरी उलटलेलं वाचनालय आहे. मी चार वर्षं त्याच्या कार्यकारिणीवर आहे. मुख्य दालनात आठ गोल खांब आहेत, बारा फूट उंच. माझ्या लहानपणापासून त्यांना क्रीम रंगाचा ऑइल पेंट आहे. दर काही वर्षांनी वरून एक हात, असं चालत आलेलं. गेल्या महिन्यात वायरिंग बदलताना वायरमनने एका खांबावरची जुनी लाकडी पट्टी काढली. पट्टीखालचा दोन बोटं रुंदीचा भाग कुणी कधी रंगवलेलाच नव्हता. आणि तिथे गर्द हिरवा, पांढऱ्या शिरांचा संगमरवर!

दुपारपर्यंत अर्धं गाव बघून गेलं. आपल्या वाचनालयाला संगमरवरी खांब आहेत म्हणून पेढे वाटायचीही भाषा झाली. संध्याकाळी आमचे निवृत्त चित्रकला शिक्षक आले. पट्टीचा खिळा जिथून निघाला होता त्या भोकात त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अहो, हा चुना आहे." आत वीट, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आणि त्यावर रंगवलेला संगमरवर. मग दारांकडे लक्ष गेलं. ती शिसवी आहेत असं सगळे धरून चालले होते. सुताराने बिजागरीची खाच दाखवली. आत फिकं साधं लाकूड, वर रंगात काढलेल्या शिसवाच्या रेघा.

आता प्रश्न. वाचनालयाचे एक देणगीदार आहेत. त्यांचे वडील याच दालनात रात्री दिव्याखाली बसून शिकले. अगदी मनापासून ते म्हणताहेत, "इतकी वर्षं खोटं होतं, ते मी खरं करून देतो. आठही खांबांना मकराण्याचा, म्हणजे राजस्थानातला, संगमरवरी दगड, दारं सागवानी, सगळा खर्च माझा." निम्मी कार्यकारिणी खूश आहे. माझं मन नको म्हणतंय, पण का नको हे मला धड मांडता येत नाही. 'जुनं आहे म्हणून' एवढ्यावर कुणी ऐकणार नाही.

कुणाला या कामाची माहिती आहे का?

निळीशाई

फोटो टाका ना ताई! पट्टीखालचा भाग बघायचाय.

ओसरी

टाकते. तिथे उजेड कमी आहे, उद्या सकाळी काढते.

गणिती_गडी

मी स्थापत्य अभियंता आहे, आधी वजनाचं बघू. खांबाचा व्यास दीड फूट धरतो. परीघ झाला ४.७ फूट, उंची १२, म्हणजे एका खांबाला साधारण ५६ चौरस फूट दगड. २० मिमी जाडीने संगमरवराचं वजन २८० किलोच्या आसपास जातं. आठ खांबांचे सव्वादोन टन, आणि मागचं सिमेंट वेगळं. शंभर वर्षांच्या विटांच्या खांबाच्या पायात काय आहे ते न बघता मी हे वजन चढवणार नाही.

दुसरं म्हणजे जाडी. दगड आणि मागचा मसाला मिळून खांब चहूबाजूंनी चार सेंटिमीटर फुगेल. वर स्तंभशीर्ष (खांबाचा माथा) आणि खाली कुंभी (खांबाची बैठक) तेवढीच राहणार. लांबूनही डोळ्याला खुपेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गोल खांबाला दगड अखंड लागत नाही. उभे तुकडे जोडावे लागतात, पिंपाच्या फळ्या जोडतात तसे. सांधे दिसणारच. तुमच्या रंगवलेल्या खांबाला सांधा आहे का, ते बघा.

ओसरी

नाही! आत्ता लक्षात आलं. दोन बोटांच्या पट्टीत वरपासून खालपर्यंत एकही सांधा नाही.

गणिती_गडी

म्हणजे आज तो एकाच दगडातून घडवल्यासारखा दिसतो, आणि खरा दगड लावला की चिकटवलेला दिसेल. बैठकीत एवढं एकच सांगितलंत तरी चालेल.

भाव_करा

बजेटवाल्यांसाठी: हल्ली यूव्ही मार्बल शीट मिळते, प्लॅस्टिकची. कापायची, चिकटवायची, दोन दिवसांत आठ खांब तयार. हुबेहूब दिसते. आमच्या टीव्हीच्या भिंतीला लावली आहे.

निळीशाई

भाऊ, घराला ठीक आहे. पण खाली हाताने केलेलं काम असताना त्यावर छापील कागद डकवायचा, हे मला पटत नाही. शिवाय त्या शीटवर ठरावीक अंतराने तीच नक्षी परत येते. एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही.

रंगाऱ्याचा_मुलगा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून तीन वर्षांनी लॉगिन केलं.

माझे वडील लालबाग-परळ भागात रंगारी होते. सत्तरच्या दशकात 'लाकडी काम' हा रंगाऱ्याच्या हातचा वेगळा आणि जास्त मजुरीचा प्रकार होता. लाकडी काम म्हणजे सुतारकाम नव्हे, रंगात लाकूड काढणं. लोखंडी कपाटं, सरकते दरवाजे, डॉक्टरांच्या दवाखान्याचं पार्टिशन, असलं खूप काम बाबांनी केलं. सगळ्या मजल्यांचा साधा रंग बाकीचे मारत आणि लाकडी कामाला बाबांना बोलावणं येई.

पद्धत सांगतो, मी शेजारी बसून बघितलेली. आधी पत्रा किंवा फळी घासून पिवळट बदामी रंगाचे दोन हात. हा खालचा रंग म्हणजे लाकडाचा सगळ्यात फिका भाग. तो कडक वाळला की बेलतेल (जवसाचं तेल), टर्पेंटाइन आणि तपकिरी रंग यांचं पातळ, जरा बुळबुळीत मिश्रण वर फिरवायचं. हे वाळायच्या आत काम उरकायचं. बाबांकडे सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याला खाचा पाडून केलेली फणी होती. ती ओल्या रंगावरून ओढली की रेघा उठत. फणी सरळ ओढली तर सगळी लाकडं एकसारखी दिसतात, म्हणून ओढता ओढता मनगट किंचित हलवायचं. मग कोरड्या लांब केसांच्या ब्रशने वरच्यावर थापटायचं, म्हणजे रेघा तुटतात आणि लाकडाचे बारीक रेशे दिसायला लागतात. आणि गाठ? गाठ अंगठ्याने. ओल्या रंगात अंगठा टेकवून थोडा फिरवायचा आणि भोवतीच्या रेघा फणीने त्या गाठीला वळसा घालून न्यायच्या, नदी दगडाला वळसा घालते तशा.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगत: "एका दारात दोनच गाठी. तिसरी काढलीस की गिऱ्हाईकाला कळतं." आणि दाराच्या चौकटीत उभ्या पट्टीच्या रेघा उभ्या, आडव्या पट्टीच्या आडव्या. जिथे दोन पट्ट्या मिळतात तिथे बारीक काळी रेघ. सुताराने लाकूड जोडलं असतं तर जशी रेघ पडली असती, तशीच.

सनमायका स्वस्त झाला आणि हे काम संपलं. ओसरीताई, तुमच्या दारावर तिरप्या बाजूने बॅटरी धरा आणि गाठी शोधा. कुणा माणसाचा हात दिसेल.

खडीसाखर

काय सुंदर लिहिलंय! वेगळा धागा काढा या विषयावर, बाबांशी बोलून. पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा).

फिरस्ता२१

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. रंगाऱ्याच्या कलेबद्दल आदर आहेच. पण वस्तू जी आहे ती दिसावी, यात काहीतरी तथ्य आहे. लाकूड साधं असेल तर साधं दिसू दे, वीट असेल तर वीट. एक पदार्थ दुसऱ्याचं सोंग घेऊन उभा राहतो, त्यात मला खोट वाटते. हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्ये नेमकं यावरच कोरडे ओढले होते, की लाकडावर संगमरवर रंगवणं ही वास्तुकलेतली फसवणूक आहे. देणगीदारांना जे टोचतंय ते चुकीचं नाही. वाचनालयासारख्या ठिकाणी खरेपणा हवा असं एखाद्याला वाटलं, तर त्याला अडाणी ठरवू नये.

ओसरी

फिरस्ता, अडाणी मुळीच नाही ठरवलं. त्यांच्या भावनेचा मान राखूनच बोलायचं आहे मला. पण तुमच्या मुद्द्याला उत्तर काय द्यावं ते कळत नाहीये.

लेणीवेडी

मी देते उत्तर! :)

फिरस्ता, भाज्याच्या लेण्यांत गेला आहात ना? तिथल्या चैत्यगृहाचे खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. अखंड डोंगरात कोरलेल्या खांबाला कलायची काय गरज? पण लाकडी सभागृहात छताचा भार पेलायला खांब तसे कललेले असत, म्हणून दगडातही तसेच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या कारागिरांनी दगडात लाकूड कोरलं आहे. भाज्याला आणि कार्ल्याला वर छताला खऱ्या लाकडी फासळ्या लावल्या आहेत, त्या काहीच पेलत नाहीत. पुढे अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत तर फासळ्याही दगडातच कोरल्या.

उद्या एखादा भला देणगीदार म्हणाला, अजिंठ्याच्या दगडी फासळ्या खोट्या आहेत, मी सागवानी लावून देतो, तर?

निळीशाई

+१००. बैठकीत हेच बोला ताई.

फिरस्ता२१

लेणीवेडी, हे मी कधी असं बघितलंच नव्हतं. विचार करतो. तरी एक फरक उरतो: लेण्यात कुणाला लाकूड आहे असा भास होत नाही, ते दगड म्हणूनच दिसतं. रंगवलेला खांब बघणाऱ्याला चकवतो.

उत्तरा_म्युनिक

मी बारा वर्षं म्युनिकला आहे. चकवण्याबद्दल लिहिते.

बव्हेरियात 'वीसकिर्श' नावाचं चर्च आहे, १७४५ ते १७५४ या काळात बांधलेलं, आता जागतिक वारसा. आत निळसर, लालसर संगमरवराचे खांब. पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर बर्फ होता. एका खांबाला हात लावला आणि दचकले. दगड थंडगार लागायला हवा, हा कोमट! तो 'स्टुकमार्मोर' आहे, इटलीत ज्याला स्कॅग्लिओला म्हणतात त्याचाच भाऊ. दगड हाताची ऊब पटकन ओढून घेतो, जिप्सम तितकी ओढत नाही.

हा प्रकार वरून रंगवत नाहीत, अख्ख्या जाडीत तोच रंग असतो. एका कार्यशाळेत जवळून बघितलंय. जिप्समच्या पिठात सरसाचं पाणी आणि रंग घालून कणीक मळतात तसं मळतात. सरसामुळे ते लगेच घट्ट होत नाही, काही तास हातात मिळतात. वेगवेगळ्या रंगांचे गोळे करायचे, हाताने ओबडधोबड तोडायचे, शिरेच्या रंगाच्या पातळ खिरीत बुडवायचे आणि एकावर एक दाबून मोठा लादा करायचा. मग सुरळीची वडी कापावी तशा चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीत गोळ्यांच्या मधली खीर शीर होऊन दिसते! त्या चकत्या खांबावर थापायच्या, वाळल्या की रंध्याने सपाट करायच्या आणि मग दगडांनी घासायचं. घासल्यावर भोकं उघडी पडतात, ती त्याच रंगाच्या खिरीने भरायची, परत जास्त बारीक दगडाने घासायचं. अशा कितीतरी फेऱ्या. शेवटी तेल आणि मेण. कारागीर म्हणाला, पूर्वी कित्येक ठिकाणी हे काम खऱ्या संगमरवरापेक्षा महाग पडायचं आणि तरी लोक हेच मागायचे, कारण असा रंग, असा अखंड खांब कुठल्याच खाणीत मिळत नाही.

तर फिरस्ता, इथे फसवायचं कुणाला होतं? निसर्गाने न दिलेला दगड माणसाने केला.

खडीसाखर

सुरळीच्या वडीची उपमा वाचून भूक लागली. म्युनिकमध्ये राहून सुरळीची वडी आठवते म्हणजे ताई पक्क्या मराठी.

उत्तरा_म्युनिक

काल केली होती. मोडली नाही एकही. :)

गारगोटी

मी वीस वर्षं जयपूरला आहे. खाली तुमचा घोटलेला चुना आहे असं म्हणालात, म्हणून लिहितो. इकडे याला 'आराईश' म्हणतात. चुना विझवून कित्येक महिने, कधी वर्षं पाण्याखाली ठेवतात, त्यात दही आणि गूळ पडतं. मग संगमरवराची बारीक पूड मिसळून पातळ पातळ हात, आणि ओलं असतानाच अकीकाच्या दगडाने घोटणं. घोटताना रंध्रं मिटत जातात आणि भिंतीत समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब दिसायला लागतं. शेवटी नारळाच्या तेलाचा हात. दक्षिणेत मद्रासकडे शिंपल्यांचा चुना आणि अंड्याचा पांढरा बलक घालून असंच करत.

आता एक गंमत लक्षात घ्या. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विझतो, भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत कॅल्शियम कार्बोनेट होतो. संगमरवर म्हणजे तरी काय? जमिनीच्या पोटात दाबाने आणि उष्णतेने बदललेली चुनखडी. तेच कॅल्शियम कार्बोनेट. तुमच्या खांबाचा पृष्ठभाग आणि मकराण्याचा दगड रसायनाने एकाच कुळातले आहेत. ज्याला ते 'खोटं' म्हणताहेत ते तितकंसं खोटं नाही.

कोकणी_काका

आमच्याकडचा अनुभव सांगतो, काळजावर दगड ठेवून. आमच्या देवळाच्या सभामंडपाच्या चुन्याच्या भिंतींना आठ वर्षांपूर्वी कंबरेपर्यंत संगमरवर लावला. सिमेंटवर बसवलेला. मीही तेव्हा हात वर केला होता. पहिल्या दोन पावसाळ्यांत काही नाही. तिसऱ्यात दगडाच्या वरच्या कडेला लोणा फुटला. पांढरी भुकटी, बोट लावलं की गळते. जमिनीतून चढणारी ओल चुना एरवी हळूहळू बाहेर सोडत होता. आम्ही त्याचं तोंड बंद केलं, मग ती दगडाच्या मागून वर चढली आणि जिथे वाट मिळाली तिथून फुटली. आता वरचा गिलावा पोपडे होऊन पडतो. ठेकेदार म्हणतो, आणखी दोन फूट वर दगड लावू!

ताई, हे कृपा करून तुमच्या मंडळींना वाचून दाखवा.

ओसरी

काका, वाचून दाखवते. खूप उपयोगाचं लिहिलंत.

अनघा_बोल्टन

मी इंग्लंडमध्ये बोल्टनला राहते. हे गाव या कलेत फार मोठं आहे म्हणून लिहायलाच हवं. इथे थॉमस केरशॉ नावाचा रंगारी शिकाऊ म्हणून उमेदवारी करून तयार झाला. १८१९ चा जन्म, १८९८ चा मृत्यू. लाकूड आणि संगमरवर रंगवण्यात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आणि १८५५ ला पॅरिसमध्ये त्याला पदकं मिळाली. त्याने रंगवलेल्या नमुन्याच्या फळ्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. फिरस्ता, रस्किनने १८४९ ला कोरडे ओढले आणि दोनच वर्षांनी याला पदक, म्हणजे हा वाद तेव्हाही रंगलेला होता!

मी दोन हिवाळे हौसेने वर्गाला गेले. ओकच्या लाकडात आडवे चमकदार चट्टे असतात. ते काढायला अंगठ्याच्या नखाला मऊ फडकं गुंडाळून ओल्या रंगातून पुसून घेतात. रंग लावून नव्हे, काढून चित्र उमटतं. अक्रोडासाठी पाण्यातला रंग वापरतात आणि तो फळीला धरावा म्हणून त्यात शिळी बिअर घालतात. संगमरवराच्या शिरा हंसाच्या पिसाने. पीस बोटांत सैल धरायचं आणि ओढता ओढता फिरवायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, शिरा एकमेकींना फुलीसारख्या छेदत नाहीत, फाटे फुटतात आणि हरवतात. त्यासाठी खरा दगड तासन्‌तास बघत बसवायच्या.

ब्रसेल्समध्ये याची शाळा १८८२ पासून चालू आहे. जगभरची तरुण मुलं आजही तिथे हेच शिकायला जातात, कारण जुन्या इमारती दुरुस्त करायला हात हवेत.

खडीसाखर

ओसरीताई, वाचनालयाच्या हिशोबात शिळ्या बिअरची पावती कुठल्या खात्यात लावणार?

ओसरी

आमचे खजिनदार काका हा धागा वाचताहेत, हसू आवरत नाहीये त्यांना. म्हणाले, 'रंगसाहित्य'.

नेपथ्य_वाला

मराठी माणसाला ही कला परकी नाही हे सांगायला आलो. संगीत नाटकांचे पडदे आठवा. राजवाडा, संगमरवरी खांब, महिरपी, सगळं कापडावर. कोल्हापूरचे बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे नात्यातले भाऊ सिनेमात येण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत. मी नेपथ्यात पंचवीस वर्षं आहे, लाकूड आणि दगड रोज रंगवतो. फरक एवढाच की आमचा खांब तीस फुटांवरून बघायचा असतो, ठसठशीत शिरा मारल्या की झालं. तुमच्या खांबाला टेकून माणूस पेपर वाचणार. तिथे एक शीर चुकली तर शंभर वर्षं दिसत राहते. दोन बोटांच्या पट्टीवरून अर्धं गाव फसलं म्हणता, तर तो कारागीर साधासुधा नव्हता.

जुनी_वीट

संवर्धनाचं काम करते, आता कामाचं बोलू.

ओसरी, सगळ्यात आधी: कुणालाही पॉलिश पेपर किंवा ब्लो टॉर्च घेऊन खांबाजवळ जाऊ देऊ नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता आहे. कोरडं खरवडलं की ती धूळ श्वासात जाते आणि तिथे लहान मुलं पुस्तकं वाचायला येतात. आधी रंगाची तपासणी करून घ्या, काम ओलं ठेवून करा, मास्क लावा, दालन त्या दिवसांत बंद ठेवा. कॉस्टिक सोडाही नको, त्याने खालचं चित्र जाईल आणि चुन्यात मुरलेलं कॉस्टिक पुढे वर्षानुवर्षं त्रास देईल.

खांबाच्या दर्शनी नसलेल्या बाजूला तळहाताएवढे चार-पाच चौकोन आखा. प्रत्येकात वेगळ्या प्रकारे क्रीम रंग सोडवून बघायचा. एकात नुसता धारदार ब्लेड, एकात जेलमधलं सौम्य द्रावण, असं. ज्याने वरचे थर निघतात आणि खालचं वॉर्निश शाबूत राहतं ती पद्धत पुढे न्यायची. हे रंगाऱ्याकडून नाही, प्रशिक्षित संवर्धकाकडून.

चित्र उडालेलं असेल तिथे काय करायचं, हा खरा नाजूक भाग. जुन्या वास्तू जपण्याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचं बारावं कलम सांगतं की भरलेला भाग एकूणात मिसळून जावा, पण मूळ कुठलं आणि नवं कुठलं ते ओळखताही यावं. रोमच्या संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी संचालक असताना यासाठी एक पद्धत निघाली: उडालेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून अखंड दिसतं, हातभर अंतरावरून रेघा दिसतात. मूळ आणि नव्या रंगात वॉर्निशचा थर ठेवायचा, म्हणजे पुढच्या पिढीला आपलं काम काढता येईल.

फिरस्ता, 'वस्तू जी आहे ती दिसावी' हे तुमचं तत्त्व संवर्धनात आम्ही असं पाळतो. त्या खांबाचं खरं रूप म्हणजे रंगवलेला संगमरवर. मकराण्याचा दगड लावला तर इमारतीच्या इतिहासाच्या दृष्टीने तोच खोटा ठरेल.

देणगीदारांना भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय दाखवून आणा. १८७२ चं, अनेक वर्षांच्या कामानंतर २००८ साली पुन्हा उघडलं, युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आतले रंग आणि सोनेरी काम बघितलं की जुनं काम जपायला दिलेला पैसा कुठे दिसतो ते त्यांना कळेल.

फिरस्ता२१

जुनी_वीट, तुमचा शेवटून दुसरा परिच्छेद पटला. नव्या इमारतीत मी अजूनही वीट विटेसारखी ठेवीन. पण इथे नाही. कोमट खांबाला एकदा हात लावायला आवडेल मला.

ओसरी

मंडळी, उशीर झाला, माफ करा. बैठक झाली.

आधी दारांचं सांगते. रंगाऱ्याचा_मुलगा यांनी सांगितल्याप्रमाणे तिरपी बॅटरी धरली. दार बाहेरून खूप खराब आहे, पण भिंतीला चिकटून उघडं राहणाऱ्या फळीच्या मागच्या बाजूला रंग ताजा राहिला आहे. तिथे दोन गाठी सापडल्या. दोनच! खालच्या गाठीत भिंगातून बघितलं तर अंगठ्याच्या वळ्या आहेत. गोल गोल रेघा, मधे एक तिरपी, कापल्याची खूण असावी. मी त्यावर बोट ठेवलं नाही, वरच्यावर धरलं. माझ्या अंगठ्यापेक्षा बराच मोठा होता.

देणगीदारांना आदल्या संध्याकाळी बोलावून भिंग हातात दिलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग विचारलं, "याचं नाव कुठे लिहिलंय का?" जुन्या वह्या चाळल्या आहेत, चुन्याचा, तेलाचा खर्च मांडलेला आहे, नाव नाही. बैठकीत त्यांनी स्वतःच दगडाची सूचना मागे घेतली. कोकणी काकांचा लोणा आणि गणिती गड्याचे सव्वादोन टनही वाचून दाखवले. अजिंठ्याच्या फासळ्यांना तर टाळ्या पडल्या.

ठरलं ते असं: आधी एकच खांब, कोपऱ्यातला. रंगाची तपासणी, मग जुनी_वीट म्हणाल्या तसे चौकोन. बाकीचे सात तूर्त क्रीमच राहतील. देणगीदारांचे पैसे त्यासाठी आणि छताची गळती थांबवायला. दोघा सदस्यांचा विरोध नोंदवला आहे, त्यांना अजूनही दगडच हवा होता.

दारांसाठी एक विनंती आहे. बाहेरच्या बाजूचं काम जवळजवळ गेलंय, तिथे नव्याने करावं लागेल असं संवर्धक म्हणतात. रंगाऱ्याचा_मुलगा, तुमचे बाबा एकदा येऊन बघतील का? प्रवासखर्च आणि राहायची सोय वाचनालय करेल. प्रत्यक्ष काम त्यांनी करावं असा आग्रह नाही, इथल्या दोन तरुण रंगाऱ्यांना दाखवलं तरी खूप आहे.

लेणीवेडी

अंगठ्याचा ठसा! फोटो, फोटो, फोटो.

रंगाऱ्याचा_मुलगा

ताई, बाबांना काल रात्री सगळा धागा वाचून दाखवला. एक्क्याऐंशी वय आहे, हात थोडा थरथरतो, पण डोळा पक्का आहे. दोन गाठींचं ऐकल्यावर म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" आज सकाळी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढायला लावला. ट्यूबची फणी कडक होऊन तुटली आहे, पण लांब केसांचा ब्रश चांगला आहे. नवी ट्यूब आणून खाचा पाडायला बसलेत.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आम्ही. जिना आहे का, आणि बॅटरी खालच्या बाजूने धरायला कुणी असेल का, एवढं त्यांनी विचारलंय.

ओसरी

जिना नाही, दालन तळमजल्यावरच आहे. बॅटरी मी धरते.